आभासी यंत्राचा उंबरठा

१०.०.२.१५ हा एक पत्ता आहे. या घडीला जगभरातले किती संगणक तो धारण करून बसले असतील याची मोजदाद कोणी ठेवत नाही. पण त्यांतले बहुतेक हात लावून पाहता येण्याजोगे नाहीत. ती 'व्हर्च्युअल मशीन' म्हणजे आभासी यंत्रे आहेत. एका खऱ्या संगणकाच्या स्मृतीचा आणि गणनशक्तीचा वाटा घेऊन उभे केलेले, स्वतःला स्वतंत्र संगणक समजणारे असे हे यंत्र असते. व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूएमू या प्रचलित प्रणालींत नवे यंत्र उभारले आणि जाळ्याच्या जोडणीत काहीही न बदलता चालू केले, की त्याला बहुधा हाच पत्ता मिळतो. बाहेरच्या जगात जाण्याचे त्याचे दारही ठरलेले असते : १०.०.२.२. या दाराला संगणकाच्या परिभाषेत गेटवे म्हणतात.

यंत्र उभारणारा माणूस गेटवेची ओळ भरतो किंवा आपोआप भरू देतो, आणि विसरून जातो. वीज-नळाच्या जोडणीसारखी ती एक तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात त्या ओळीत पन्नास वर्षांचा एक वाद मुरलेला आहे. जाळ्यावर कोणी कोणाला हाक मारायची, आणि कोणी फक्त हाक मारणाऱ्यांच्या बाजूलाच राहायचे, हा तो वाद. १०.०.२.१५ या पत्त्यातला आरंभीचा १० आणि शेवटचा १५ कुठून आले हे शोधत गेले, की त्याचा इतिहास हाती लागतो.

काही न आठवणारे दार

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभे राहिलेले आर्पानेट १९६९ मध्ये सुरू झाले. विद्यापीठांतले संगणक एकमेकांशी थेट बोलत नसत. प्रत्येक ठिकाणी बीबीएन या कंपनीने बनवलेले, शीतकपाटाएवढे एक यंत्र बसवलेले असे आणि ते संदेशाचे तुकडे, म्हणजे पॅकेटे, पुढे धाडत असे. पण आर्पानेट हे एकच जाळे होते. लवकरच रेडिओवर चालणारे दुसरे आणि उपग्रहावर चालणारे तिसरे जाळे तयार झाले. प्रत्येकाची रीत निराळी, पॅकेटाचा आकार निराळा. ती जोडायची कशी?

व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात उत्तर होते : कोणत्याही जाळ्याला बदलायला सांगू नका; दोन जाळ्यांच्या सीमेवर एक यंत्र ठेवा आणि त्याला गेटवे म्हणा. त्याने पॅकेटावरचा पत्ता वाचावा, पुढची वाट ठरवावी, पॅकेट सोडून द्यावे. हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणे, क्रम लावणे ही कामे दोन टोकांच्या संगणकांची. जाळ्याच्या क्रमांकासाठी निबंधात आठ बिट राखले होते. म्हणजे जगात २५६ जाळी झाली तरी पुरे, असा तेव्हाचा अंदाज होता.

२२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या रस्त्यावरून धावणाऱ्या एका व्हॅनमधून पॅकेटे निघाली. रेडिओचे जाळे, आर्पानेट आणि अटलांटिकवरचा उपग्रह अशा तिन्ही जाळ्यांतून, युरोपचा वळसा घेऊन ती लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या संगणकापर्यंत पोचली. वाटेतल्या गेटवेंनी कोणाचीही नोंद ठेवली नव्हती. एखादा गेटवे बंद पडला, तर पॅकेटांनी दुसऱ्या वाटेने जावे, संभाषण तुटू नये, असा त्यामागचा हेतू. संभाषणाची स्मृती टोकांनी जपायची आणि मधल्या दाराने काहीही आठवणीत ठेवायचे नाही, हे तत्त्व डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये एका निबंधात स्पष्ट मांडले.

या तत्त्वाच्या पोटात एक समता होती. प्रत्येक यंत्राला जगात एकमेव पत्ता असे आणि कोणतेही यंत्र कोणत्याही यंत्राला हाक मारू शके. ऐकणारे आणि सांगणारे अशा दोन जाती नव्हत्या. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने ही नवी पद्धत स्वीकारली, तेव्हा पत्ता ३२ बिटांचा झालेला होता. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जाळ्यांच्या यादीत आर्पानेटचा स्वतःचा क्रमांक होता १०. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

इथे शब्दाचाही एक प्रवास नोंदवण्यासारखा आहे. १९८७ मध्ये या यंत्रांचे नियम सांगणारा अधिकृत दस्तऐवज निघाला, त्याच्या शीर्षकात 'गेटवे' होते. १९९५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या दस्तऐवजाच्या शीर्षकात त्याच यंत्राला 'राउटर' म्हटले आहे. अभियंत्यांनी शब्द बदलला; संगणकाच्या जोडणीच्या तक्त्यात मात्र जुना शब्द टिकून राहिला.

यंत्रातले यंत्र

आभासी यंत्राची कल्पना इंटरनेटहून जुनी. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या आयबीएम केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात एका मोठ्या संगणकाचे अनेक संगणक भासवणारी प्रणाली रचली. १९७२ मध्ये तिचेच पुढचे रूप व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांपुढे आले. प्रत्येक वापरकर्त्याला वाटे, की संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याचे आहे. त्याला आभासी कार्ड-वाचक मिळे, आभासी छपाईयंत्र मिळे आणि आभासी कार्ड-पंचही मिळे. एका आभासी यंत्राला दुसऱ्याशी बोलायचे, तर ते अस्तित्वातच नसलेली कार्डे पंच करी आणि ती दुसऱ्याच्या आभासी वाचकात जाऊन पडत.

दूरच्या शहरातल्या यंत्राकडे मजकूर पाठवायचा, तर तो एका खास कार्यक्रमाकडे सोपवला जाई. एडसन हेंड्रिक्स यांचा त्यात मोठा वाटा होता. हा कार्यक्रम स्वतः एका आभासी यंत्रात चाले. म्हणजे निरोप्याही आभासीच. याच मांडणीवर आयबीएमचे कंपनीअंतर्गत जाळे वाढले, आणि पुढे विद्यापीठांना जोडणारे बिटनेट १९८१ मध्ये सुरू झाले. यंत्र आभासी असेल तर त्याचे दारही आभासी असू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढे घरोघरी छोटे संगणक आले आणि ही विद्या काही काळ मोठ्या यंत्रांच्या खोल्यांतच राहिली.

टंचाई आणि आठवण ठेवणारे दार

१९९० च्या दशकाच्या आरंभी हिशेब बिघडला. चार अब्ज पत्ते आता अपुरे वाटू लागले. पत्त्याची लांबी वाढवणारी नवी आवृत्ती तयार व्हायला वेळ लागणार होता. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा मांडला : आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्या आणि दारावर पत्ता बदलणारा भाषांतरकार बसवा. हा तात्पुरता उपाय आहे, असे त्यांनी त्याच दस्तऐवजात म्हटले होते. या पत्ताबदलाला नॅट म्हणतात.

पुण्यातल्या जुन्या वाड्याची कल्पना केली तर हे चटकन ध्यानात येते. वाड्याला महापालिकेचा एकच घरक्रमांक; आत दहा बिऱ्हाडे. बिऱ्हाडातून बाहेर जाणाऱ्या पत्रावर दिंडीशी बसलेला कारकून वाड्याचा पत्ता घालतो आणि वहीत लिहून ठेवतो, की अमुक पत्र चौथ्या बिऱ्हाडाचे. उत्तर आले की वही बघून ते आत पोचते. मात्र बाहेरचा कोणी आपणहून चौथ्या बिऱ्हाडाला पत्र धाडू पाहील, तर वहीत नोंद नसल्याने ते दारातच अडते. शिवाय 'चौथे बिऱ्हाड' शेजारच्या वाड्यातही असते आणि त्यापलीकडच्याही.

आतल्या वापरासाठी कोणते क्रमांक मोकळे सोडायचे, हे १९९४ मध्ये सुचवले गेले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये पक्के झाले. त्यातला सर्वांत मोठा पट्टा १० ने सुरू होतो. आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले होते. ज्या क्रमांकाने साऱ्या जगाला गाठता येई, तोच आता कोणालाही बाहेरून न सापडणाऱ्या घरांचा क्रमांक झाला. जुलै १९९४ मध्ये काही जाणकारांनी या वाटपाला जाहीर विरोध केला. जगात पत्ता एकमेव असण्याचा गुण आपण घालवत आहोत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. विरोध नोंदला गेला आणि टंचाईपुढे मागे पडला.

गेटवेच्या स्वभावात इथे मूलभूत बदल झाला. काही न आठवणारे दार वही ठेवू लागले. वही हरवली, म्हणजे दार बंद पडून पुन्हा सुरू झाले, की चालू संभाषणे तुटू लागली. आणि दार एकाच बाजूने सहज उघडू लागले : आतून बाहेर.

शेल खात्यातून आलेला पंधरा

याच सुमारास भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधी १९८६ पासून एर्नेट हे शिक्षण-संशोधनाचे जाळे होते आणि त्यात मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेचा पुढाकार होता. निगमच्या सेवेचे नाव होते 'गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस'. मुंबईकरांच्या ईमेल पत्त्यात येणारे 'जीआयएएसबीएम०१' आणि पुणेकरांच्या पत्त्यातले 'जीआयएएसपीएन०१' ज्यांना आठवत असेल, त्यांनी गेटवे हा शब्द आद्याक्षराच्या रूपात रोज टंकलेला आहे.

त्या काळी खात्यांचे दोन प्रकार असत. महागड्या खात्यात आपला संगणक स्वतः इंटरनेटचा भाग होई. स्वस्त 'शेल' खात्यात तो नुसता पडदा होई. फोनच्या तारेवरून दूरच्या संगणकावर शिरायचे आणि तिथली अक्षरे इथे वाचायची. चित्रे नाहीत, स्वतःचा पत्ता नाही. ही स्थिती जगभरच्या विद्यार्थ्यांची होती.

१९९५ च्या सुमारास डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी स्लर्प नावाचा कार्यक्रम लिहिला. तो शेल खात्यात एखाद्या साध्या कार्यक्रमासारखा चालवायचा. कोणाची विशेष परवानगी लागत नसे. घरच्या संगणकाने पाठवलेले पॅकेट स्लर्प उघडी, त्यातली मागणी पाही, आणि त्या दूरच्या संगणकावरून आपल्याच नावाने बाहेर जोडणी करी. उत्तर आले की ते पुन्हा पॅकेटात भरून फोनवरून घरी धाडी. बाहेरच्या जगाला घरच्या संगणकाचा पत्ताच नसे. त्याला एखादा लुटुपुटीचा क्रमांक तर हवा. स्लर्पच्या रचनेत तो होता १०.०.२.१५.

गरिबाच्या खात्यासाठी केलेली ही युक्ती फोनच्या तारांबरोबर विस्मृतीत जायची. पण २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांचे क्यूएमू आले. त्यातल्या आभासी यंत्राची अडचण तीच होती : ज्याच्या संगणकावर ते चालते त्याला पूर्ण अधिकार असतोच असे नाही, आणि तरी पाहुण्या यंत्राला इंटरनेट हवे. स्लर्पचा मजकूर क्यूएमूत घेतला गेला. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचेही मूळ तेच. फोनची तार गेली, तिच्या जागी स्मृतीतली देवघेव आली. पत्ता बदलला नाही. जुनी मर्यादाही सोबत आली : साध्या वापरकर्त्याच्या कार्यक्रमाला काही प्रकारची पॅकेटे बनवण्याचा अधिकार नसे, म्हणून क्यूएमूच्या या प्रकारात बाहेर पाठवलेल्या 'पिंग'चा आजही भरवसा नसतो. जाळे तपासायला पहिल्यांदा पिंग करणारा माणूस, इंटरनेट व्यवस्थित चालू असतानाही, ते बंद आहे असे समजून बसतो.

भिंत, दार आणि परतीची वाट

व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने साध्या टेबलावरच्या संगणकावर आभासी यंत्रे आणली. तेव्हापासून त्यांच्या जोडणीच्या तीन मुख्य तऱ्हा रूढ झाल्या. पहिली 'ब्रिज' : आभासी यंत्र थेट बाहेरच्या जाळ्यात उभे राहते, घरच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता घेते, शेजारी त्याला वेगळा संगणक मानतात. दुसरी नॅट : वाड्यातले बिऱ्हाड. तिसरी 'होस्ट-ओन्ली' : यजमान संगणकाशी तेवढे बोलायचे, बाहेर दारच नाही.

कोणतीही तऱ्हा घ्या, वाट ठरवण्याचा नियम एकच. यंत्राजवळ एक छोटा तक्ता असतो. पहिली ओळ म्हणते : आपल्याच आळीतला पत्ता असेल तर थेट द्या. शेवटची ओळ म्हणते : बाकी सगळे गेटवेकडे. मध्ये आणखी ओळी असतील तर ज्या ओळीतला पत्ता सर्वांत नेमका जुळेल ती लागू. यातून दोन गोष्टी निघतात. एक, गेटवेचा पत्ता आपल्याच आळीतला हवा. दार आपल्याच भिंतीत असावे लागते. दुसरी, जाण्याची वाट सांगितली म्हणजे परतीची वाट सांगितली असे होत नाही. आभासी यंत्रांची नवी आळी वसवली आणि तिच्यातून बाहेर जायचा रस्ता केला, तरी घरच्या राउटरला त्या आळीचा ठावठिकाणा माहीत नसेल, तर पॅकेट जाते आणि उत्तर हरवते. ब्रिज किंवा नॅट यांचे सोपेपण यातच आहे : ब्रिजमध्ये वेगळी आळीच नसते, आणि नॅटमध्ये बाहेरच्यांना ती दिसत नाही.

यजमान संगणकाने दोन जाळ्यांत पाय ठेवला म्हणून तो आपोआप गेटवे होत नाही. १९८९ च्या नियमांनी बजावले, की साध्या संगणकाने स्पष्टपणे सांगितल्याखेरीज दुसऱ्यांची पॅकेटे पुढे धाडू नयेत. लिनक्समध्ये ही परवानगी एका अंकाने दिली जाते : शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे होय. दार होणे ही जबाबदारी आहे आणि ती कोणावर नकळत पडू नये, ही जाण त्या नियमात दिसते.

भाड्याचे दार

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये ग्राहकाला त्या पसाऱ्यात स्वतःचे कुंपण घालण्याची सोय आली. त्या कुंपणातल्या प्रत्येक आळीचे पहिले चार आणि शेवटचा असे पाच पत्ते कंपनी राखून ठेवते, त्यांतला.१ ने संपणारा गेटवेचा. त्या जागी कोणतीही पेटी उभी नाही. यंत्र आभासी, आळी आभासी, दार म्हणजे आज्ञावलीचे एक उत्तर. २०१६ मध्ये मुंबईतही या कंपनीची अशी केंद्रे सुरू झाली.

या व्यवस्थेत 'सार्वजनिक' आळी आणि 'खासगी' आळी यांत फरक काय? वाटांच्या तक्त्यातली एक ओळ. 'बाकी सगळे' ज्या ओळीत येते तिथे इंटरनेट गेटवे लिहिला की ती आळी सार्वजनिक; तिथल्या यंत्राला सार्वजनिक पत्ता दिला की जग त्याला हाक मारू शकते. त्याच ओळीत नॅट गेटवे लिहिला की आळी खासगी. यंत्र बोलावू शकते, त्याला कोणी बोलावू शकत नाही.

दरम्यान टंचाई पुरी झाली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटले गेले. २०१२ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी १००.६४ ने सुरू होणारा आणखी एक आतला पट्टा राखला गेला. म्हणजे घरच्या वाड्याबाहेर आणखी एक मोठा वाडा आणि त्यालाही दिंडीवर कारकून. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारते, वर्षाला सुमारे ४४ डॉलर. पूर्वी प्रत्येक यंत्राला जन्मतः मिळणारी गोष्ट भाड्याच्या यादीत गेली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा कीडरूपी कार्यक्रम थेट जाळ्यावर असलेल्या संगणकांत आपणहून शिरत होता, तेव्हा वहीत नोंद नसलेल्याला अडवणाऱ्या दारांनी असंख्य घरे वाचवली. बंद दाराचे हे पुण्य खरे आहे. पण त्याची किंमतही खरी आहे. घरातल्या संगणकावर लिहिलेले, साठवलेले काही दुसऱ्याला थेट देता येत नाही. मध्ये कोणाचे तरी भाड्याचे यंत्र घ्यावे लागते. पत्रव्यवहार, छायाचित्रे, छोट्या संस्थेचे संकेतस्थळ हे सारे मोजक्या कंपन्यांच्या आवारात जमण्याची कारणे अनेक आहेत. बहुसंख्य यंत्रांना हाक मारण्याजोगा पत्ताच न उरणे, हे त्यांतले एक.

१२८ बिटांच्या नव्या पत्त्यांची पद्धत डिसेंबर १९९५ मध्येच मांडली गेली होती. भारतात तिचा प्रसार मोबाइलमुळे जगाच्या पुढे गेला आहे. इथले निम्म्याहून अधिक वापरकर्ते आज ती वापरू शकतात. तिच्यात प्रत्येक यंत्राला, आभासी यंत्रालासुद्धा, जगात एकमेव पत्ता पुन्हा मिळतो. दारे मात्र बहुतेक ठिकाणी सवयीने एकाच बाजूने उघडी ठेवलेली असतात. तीस वर्षे वही सांभाळलेल्या कारकुनाला वहीची सवय झाली आहे, आणि आपल्यालाही.

पत्ते पुरेसे झाले म्हणून जुनी समता आपोआप परतणार नाही. टंचाईने भाग पाडलेला निर्णय आता निवडीचा झाला आहे. आभासी यंत्र उभारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे जोडणीचा तक्ता उघडतो, तेव्हा ती निवड त्याच्या हातात असते : ब्रिज की नॅट, कोणता गेटवे, कोणती वाट बाहेर, कोणती आत. सुरक्षिततेसाठी दार लावून घेणे शहाणपणाचेच. मात्र ते आपण लावले आहे की लावलेलेच मिळाले आहे, एवढे त्याला माहीत असायला हवे.